मिडल-अर्थ : भूगोल आणि प्राचीन इतिहास

मिडल-अर्थ : इंग्रज कादंबरीकार व भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉनल्ड रूएल टॉल्कीन (३ जानेवारी १८९२–२ सप्टेंबर १९७३) ह्याने आपल्या कथासाहित्यातून उभी केलेली काल्पनिक भूमी. द हॉबिट (१९३७) ही बालकादंबरी, द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (३ खंड, १९५४-५५) ही बृहत्‌कादंबरी आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला द सिल्मरिलिअन (१९७७) हा आख्यानसंग्रह ह्यांच्या कथा ह्या भूमीवर व तिच्या भोवतालच्या जगात घडतात. काल्पनिक देशांचे नकाशे आणि वंशावळी टॉल्कीनपूर्वीही साहित्यात होत्या. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ट्रेझर आयलंड (१८८३) ह्या कादंबरीचा उगमच एका नकाशात होता. विल्यम मॉरिसने द वेल अॅट द वर्ल्ड्‌स एंड (१८९६) मध्ये मध्ययुगीन वळणाचे कल्पित प्रदेश रंगविले, तर लॉर्ड डनसेनीने द गॉड्‌स ऑफ पेगाना (१९०५) मध्ये एक संपूर्ण नवे देवमंडळ निर्माण केले. मिडल-अर्थचे वेगळेपण तिच्या विस्तारात किंवा तपशिलांच्या संख्येत नाही. तेथील भूगोल हा गतकालीन इतिहासाचा अवशेष म्हणून वाचकासमोर येतो आणि तो इतिहास मुख्यतः ऱ्हासाचा व वियोगाचा आहे. ह्या रचनेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा ह्या दोन्हींचे मूळ ह्याच वैशिष्ट्यात आहे.

नाव व संकल्पना : ‘मिडल-अर्थ’ हे नाव टॉल्कीनने नव्याने घडविलेले नाही. प्राचीन इंग्रजी काव्यात समुद्रवेष्टित मानवी वस्तीच्या जगासाठी जो शब्द येतो, त्याचेच हे आधुनिक रूप असून नॉर्स पुराणकथांतील ‘मिडगार्ड’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. साहजिकच मिडल-अर्थ हा परका ग्रह नाही. ती आपलीच पृथ्वी असून केवळ काळ कल्पित आहे, असे टॉल्कीनने वेळोवेळी स्पष्ट केले. हॉबिटांचे शायर आणि रिव्हेंडेल ही ठिकाणे साधारणतः ऑक्सफर्डच्या अक्षांशावर मानली, तर सुमारे सहाशे मैल दक्षिणेकडील मिनास तिरिथ हे नगर फ्लॉरेन्सच्या अक्षांशाजवळ येते, असे त्याने १९६७ मधील एका पत्रात म्हटले आहे. वाचकाला ओळखीची वाटणारी झाडे, ऋतू, धुके आणि पायवाटा ह्यांचे कारण हेच होय.

टॉल्कीन ऑक्सफर्ड विद्यापीठात १९२५ ते १९४५ ह्या काळात अँग्लो-सॅक्सनचा व १९४५ ते १९५९ ह्या काळात इंग्रजी भाषा व साहित्याचा प्राध्यापक होता. कालौघात लुप्त झालेल्या शब्दरूपांची पुनर्रचना करणे, हे ऐतिहासिक भाषाशास्त्राचे एक प्रमुख कार्य. टिकून राहिलेल्या एखाद्या शब्दावरून नष्ट झालेल्या कथेचा मागोवा घेण्याची सवय ह्या शास्त्राने त्याला लावली. एका प्राचीन इंग्रजी धार्मिक काव्यातील ‘एआरेंडेल’ ह्या गूढ नावाने तो तरुणपणी भारावून गेला व १९१४ मध्ये त्याने त्या नावाच्या नाविकावर कविता लिहिली. पुढे ह्याच नाविकाला त्याच्या आदियुगाच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान मिळाले. फिनिश भाषेच्या संस्कारातून ‘क्वेन्या’ आणि वेल्शच्या संस्कारातून ‘सिंडारिन’ अशा दोन भाषा त्याने घडविल्या. भाषा बदलायची, तर ती बोलणारे लोक विभागले गेले पाहिजेत. ते विभागले जायचे, तर स्थलांतरे, युद्धे व समुद्रप्रवास घडले पाहिजेत. आणि हे सारे घडायला भूमी हवी. मिडल-अर्थच्या निर्मितीमागील क्रम असा भाषेकडून इतिहासाकडे व इतिहासाकडून भूगोलाकडे जाणारा आहे.

प्राचीन इतिहास : ह्या विश्वाचा इतिहास युगांमध्ये विभागलेला आहे. ही युगे पौराणिक युगांप्रमाणे चक्राकार फिरत नाहीत. त्यांचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि प्रत्येक युगाच्या अखेरीस जगातून काहीतरी कायमचे नाहीसे होते.

इलूवतार ह्या आदिदेवाने निर्मिलेल्या दिव्य शक्तींच्या संगीतातून विश्वाची कल्पना साकार होते. परंतु त्यांपैकी सर्वांत समर्थ अशा मेल्कोरने त्या संगीतात विसंवादी सूर मिसळल्यामुळे दुरिताचे बीज प्रारंभीच रुजते. पश्चिमेकडील वालिनॉर ह्या देवभूमीला प्रकाश देणारे दोन वृक्ष मेल्कोर नष्ट करतो व त्या प्रकाशाचा अंश धारण करणारी सिल्मरिल ही तीन रत्ने चोरून मिडल-अर्थमध्ये पळून येतो. रत्ने परत मिळविण्यासाठी एल्फांचा एक गट देवभूमी सोडतो. मिडल-अर्थच्या वायव्येकडील बेलेरिआंड ह्या प्रदेशात नार्गोथ्राँड, डोरिआथ, गॉन्डोलिन अशी राज्ये भरभराटीस येतात आणि विश्वासघात, शपथांचे ओझे व युद्ध ह्यांमुळे एकामागून एक लयाला जातात. पहिल्या युगाच्या अखेरच्या महायुद्धात मेल्कोरचा पराभव होतो, पण त्या संघर्षात बेलेरिआंडही समुद्रात बुडते. लिंडन ही किनारपट्टी तेवढी शिल्लक राहते.

दुसऱ्या युगात (३,४४१ वर्षे) एल्फांना साहाय्य करणाऱ्या मानवांना महासागरातील नूमेनॉर हे तारकाकृती बेट देण्यात येते. स्वतःचा किनारा दृष्टिआड होईल इतके पश्चिमेस जाऊ नये, एवढेच बंधन त्यांच्यावर असते. मेल्कोरचा सेवक सॉरॉन ह्याच्या चिथावणीने आणि मृत्यूच्या भयाने नूमेनॉरचा अखेरचा राजा अमरांच्या भूमीवर चाल करून जातो. परिणामी ३३१९ मध्ये बेट बुडते, देवभूमी जगाच्या कक्षेबाहेर नेली जाते आणि तोवर सपाट असलेली पृथ्वी गोल होते. ह्या कथेमागे अटलांटिसची परंपरा आहे, तसेच प्रचंड लाट हिरव्या भूमीवर येत असल्याचे टॉल्कीनला वारंवार पडणारे स्वप्नही आहे. ह्या संहारातून वाचलेला एलेंडिल व त्याचे दोन पुत्र नऊ जहाजांतून पूर्वेस येतात आणि उत्तरेस आर्नॉर व दक्षिणेस गॉन्डॉर ही राज्ये स्थापतात.

तिसऱ्या युगाचा इतिहास (३,०२१ वर्षे) ह्या दोन राज्यांच्या झिजण्याचा इतिहास होय. आर्नॉर ८६१ मध्ये तीन भागांत विभागले जाते आणि त्याचा शेवटचा अंश १९७४ मध्ये नष्ट होतो. गॉन्डॉरमध्ये १६३६ च्या सुमारास महामारी पसरते. २०५० मध्ये तेथील राजवंश खंडित होऊन कारभार प्रतिशासकांकडे जातो. द लॉर्ड ऑफ द रिंग्जचे मुख्य कथानक ह्या दीर्घ ओहोटीच्या अगदी अखेरीस, ३०१८ ते ३०१९ ह्या वर्षांत घडते. सॉरॉनचे सर्व सामर्थ्य सामावलेली मुद्रिका नष्ट करण्यासाठी फ्रोडो हा हॉबिट २३ सप्टेंबर रोजी घर सोडतो आणि २५ मार्च रोजी मुद्रिका अग्नीत पडते.

भूगोल : कादंबरीला जोडलेल्या सर्वसाधारण नकाशात मिडल-अर्थचा केवळ वायव्य भाग येतो. पश्चिमेस निळे पर्वत व सागर. मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेली धुक्याच्या पर्वतांची रांग. तिच्या पूर्वेस आंदुइन ही महानदी व मर्कवुड हे अरण्य. दक्षिणेस गॉन्डॉर आणि आग्नेयीस तीन बाजूंनी पर्वतांनी वेढलेले मॉर्डॉर, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. प्रकाशित नकाशा टॉल्कीनचा पुत्र ख्रिस्तोफर (१९२४–२०२०) ह्याने रेखाटला. आरंभी नकाशा आखून कथा त्याला अनुसरून रचली, असे टॉल्कीनने नमूद केले आहे. पात्रांनी दिवसभरात काटलेले अंतर आणि त्या रात्रीची चंद्रकला ह्यांचाही त्याने मेळ घातला. ह्या काटेकोरपणामुळे प्रवासाचे श्रम वाचकाला खरे वाटतात आणि अद्भुताला वास्तवाचे अधिष्ठान लाभते.

तथापि ह्या भूगोलाचे खरे मर्म स्थलनामांत आहे. आंदुइनच्या दोन्ही बाजूंना एलेंडिलच्या पुत्रांनी दोन दुर्ग बांधले. पश्चिमेकडील मिनास अनॉर म्हणजे सूर्याचा बुरूज व पूर्वेकडील मिनास इथिल म्हणजे चंद्राचा बुरूज. तिसऱ्या युगात २००२ मध्ये चंद्राचा बुरूज शत्रूच्या हाती पडला व त्याला मिनास मॉर्गुल, म्हणजे अभिचाराचा बुरूज, असे नाव मिळाले. तेव्हा सूर्याचा बुरूजही मिनास तिरिथ, म्हणजे पहाऱ्याचा बुरूज, झाला. एका राज्याचे वैभव, त्याचे खच्चीकरण आणि शेवटी केवळ संरक्षणापुरते उरलेले त्याचे अस्तित्व ही सारी कहाणी चार नावांत सामावली आहे. एकेकाळी ‘महान हरितवन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरण्याला सॉरॉनची छाया पडल्यावर मर्कवुड, म्हणजे काळोखी वन, हे नाव पडले. सामान्य लोक ज्या टेकडीला ‘वेदरटॉप’ म्हणतात, तिचे एल्फांच्या भाषेतील नाव ‘आमोन सूल’ असे आहे. पहिल्या नावात केवळ वाऱ्यावादळाची टेकडी दिसते. दुसरे उच्चारताच तेथील उद्ध्वस्त मनोऱ्याची आठवण जागी होते. प्रत्यक्ष इंग्लंडमध्ये ब्रिटनच्या पूर्वरहिवाशांच्या भाषेतील ‘टेकडी’ वाचक शब्दाला पुढे अँग्लो-सॅक्सन लोकांनी स्वतःचा ‘टेकडी’ वाचक शब्द जोडून बनविलेली नावे आढळतात. बकिंगहॅमशरमधील ब्रिल हे त्यांपैकी एक. टॉल्कीनच्या ब्री ह्या गावाचे नाव ह्याच धर्तीवर बेतलेले असून विस्मृतीत गेलेल्या लोकांची भाषा स्थलनामांतून कशी उरते, हे त्यातून दिसते.

भूमीदेखील इतिहास जपून ठेवते. मॉर्डॉरच्या वेशीवरील मृतांच्या दलदलीत फ्रोडोला पाण्याखाली मृतांचे चेहरे दिसतात. ते तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लढाईत पडलेल्या योद्ध्यांचे आहेत. कालांतराने दलदल पसरत जाऊन तिने त्यांची थडगी गिळली आहेत. सॉमच्या लढाईत (१९१६) टॉल्कीन सैनिक म्हणून सहभागी झाला होता आणि ह्या दलदलीचे वर्णन त्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचे काही ऋण मान्य करते, असे त्याने स्वतः लिहिले आहे. ह्याच लढाईनंतर आजारी पडून परतल्यावर त्याने गॉन्डोलिनच्या पतनाची पहिली कथा लिहिली. मिडल-अर्थच्या प्राचीन इतिहासाचा आरंभ एका नगराच्या विनाशापासून व्हावा, हे त्या काळाच्या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते.

दूरत्व व खोली : द लॉर्ड ऑफ द रिंग्जमधील प्राचीन इतिहास सलग सांगितलेला नाही. एखादे गाणे, अर्धवट कथा, भग्न पुतळा किंवा सहज उच्चारलेले नाव ह्यांतून तो डोकावतो आणि लगेच मागे सरतो. वाचकाला त्यामागे फार मोठे काही दडले असल्याची जाणीव होते. बेओवुल्फ ह्या प्राचीन इंग्रजी महाकाव्यावरील आपल्या व्याख्यानात (१९३६) टॉल्कीनने अशाच गुणाकडे लक्ष वेधले होते. अधिक प्राचीन व अधिक दुःखमय भूतकाळाकडे पाहणारा कवी त्याला त्या काव्यात दिसला. त्याची स्वतःची कादंबरीही त्याच रीतीने मागे वळून पाहते. फरक इतकाच, की ह्या सूचक उल्लेखांमागे बहुतांशी खरोखरच लिहिलेली आख्याने होती. ही आख्याने १९१६-१७ पासून रचली जात होती व १९३७ मध्ये प्रकाशकाला दाखविल्यावरही अप्रकाशित राहिली होती.

ह्यातूनच एक कूट प्रश्न निर्माण झाला. दूरवर दिसणाऱ्या, न गाठता येणाऱ्या शिखरांचे आकर्षण हे कादंबरीच्या मोहिनीचे एक कारण आहे. प्रत्यक्ष तेथे गेल्यास ती जादू नाहीशी होईल, जोवर त्यापलीकडे आणखी दूरची दृश्ये दिसत नाहीत तोवर, अशी शंका टॉल्कीनने १९६३ मधील एका पत्रात व्यक्त केली. द सिल्मरिलिअनच्या प्रकाशनाने ही शंका बऱ्याच अंशी खरी ठरविली. त्यातील तूरिन तुरांबार किंवा बेरेन व लूथिएन ह्यांची आख्याने शोकात्म उंची गाठतात. पण मध्यस्थ निवेदक नसल्यामुळे, तसेच हॉबिटांसारखी साधी, विनोदी, वाचकाच्या जवळची पात्रे नसल्यामुळे, तो ग्रंथ अनेकांना कोरडा इतिवृत्तान्त वाटला. ही आख्याने कोणी, कोणापासून ऐकून, कशी जतन केली ह्याची चौकट ग्रंथाला न देणे ही चूक होती, असे संपादक ख्रिस्तोफर टॉल्कीनने पुढे १९८३ मध्ये स्वतःच मान्य केले. प्राचीनत्व हे घटनेत नसून तिच्या हस्तांतरणात असते, हा धडा त्यातून मिळतो.

सपाट पृथ्वीची समस्या : १९५० नंतरच्या दशकात टॉल्कीनला स्वतःच्या विश्वरचनेविषयी मूलभूत शंका पडू लागल्या. मिडल-अर्थ ही आपलीच पृथ्वी असेल, तर ती आरंभी सपाट कशी? सूर्य व चंद्र हे दोन वृक्षांच्या अखेरच्या फळाफुलांपासून झाले, ही कथा खगोलशास्त्र जाणणाऱ्या वाचकाने कशी स्वीकारावी? देवभूमीत राहून ज्ञान मिळविलेल्या एल्फांची अशी चुकीची समजूत असणे तर त्याला अशक्यच वाटले. म्हणून पृथ्वी पहिल्यापासून गोल व सूर्य आदिकाळापासून अस्तित्वात, अशी नवी मांडणी त्याने करून पाहिली. जुन्या कथा म्हणजे नूमेनॉरमार्गे आलेल्या, मानवांनी गोंधळ करून ठेवलेल्या परंपरा होत, असा तोडगाही त्याने सुचविला. हे लेखन ख्रिस्तोफरने १९९३ मध्ये, द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ (१२ खंड, १९८३–९६) ह्या मालेच्या दहाव्या खंडात प्रसिद्ध केले.

ही पुनर्रचना पूर्णत्वास गेली नाही आणि ते साहित्याच्या दृष्टीने इष्टच झाले. सूर्य पहिल्यापासून असेल, तर ताऱ्यांच्या प्रकाशात एल्फ जागे झाले, ह्या प्रसंगातील काव्य उरत नाही. दोन वृक्षांचा प्रकाश हा जगातील एकमेव मूळ प्रकाश राहत नाही आणि मग त्याचा अंश जपणाऱ्या रत्नांसाठी झालेल्या सर्व युद्धांचे प्रयोजनच दुबळे होते. पृथ्वी मुळातच गोल असेल, तर नूमेनॉरच्या पतनातील सर्वांत मर्मभेदी घटनाही निरर्थक ठरते. पश्चिमेकडे कितीही वल्ही मारली, तरी माणूस आता केवळ निघाल्या जागी परत येईल. सरळ वाट फक्त एल्फांच्या जहाजांसाठी उरली आहे. गोल पृथ्वी ही येथे वैज्ञानिक वस्तुस्थिती नसून दंड आहे. मानवाला आपल्या मर्त्यतेच्या वर्तुळातून बाहेर पडता येत नाही, ही जाणीव ह्या प्रतिमेत भूगोलाच्या रूपाने व्यक्त झाली आहे. तर्कसंगतीचा आग्रह टॉल्कीनच्या प्रतिभेचे बळ होते. पण तो पुराणकथेच्या गाभ्यापर्यंत नेला, तेव्हा तिच्याच मुळावर आला.

मर्यादा : मिडल-अर्थच्या भूगोलावरील आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला भूरचनेविषयीचा. मॉर्डॉरला वेढणाऱ्या पर्वतरांगा जवळजवळ काटकोनात मिळतात. नैसर्गिक प्रक्रियांनी अशी रचना होणे दुरापास्त आहे. कॅरेन विन फॉन्स्टॅड ह्या भूगोलज्ञ लेखिकेने द अॅटलस ऑफ मिडल-अर्थ (१९८१) मध्ये ह्या प्रदेशाच्या भूरचनेची व हवामानाची पद्धतशीर मांडणी केली. परंतु ज्या जगात पर्वत दैवी शक्तींच्या संघर्षातून उभे राहतात, तेथे हा आक्षेप निर्णायक ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ह्या नकाशात दिशांना नैतिक मूल्य चिकटलेले आहे. पश्चिम ही प्रकाशाची व स्मृतीची दिशा; पूर्व व दक्षिण ह्या संकटाच्या. दक्षिणेकडील हाराड व पूर्वेकडील रून हे विस्तीर्ण प्रदेश नकाशावर बहुतांशी कोरे आहेत आणि तेथील लोक प्रायः शत्रूच्या सैन्यातूनच समोर येतात. त्यांची भाषा, गाणी व वंशावळी ह्यांविषयी ग्रंथ जवळजवळ मूक आहे. ज्या विश्वात नाव असणे म्हणजेच इतिहास असणे होय, तेथे हे मौन खटकते. टॉल्कीनला त्याची अजिबात जाणीव नव्हती, असे मात्र नाही. कादंबरीतील सॅम हा साधा माळी हाराडच्या एका मृत सैनिकाकडे पाहून त्याचे नाव काय असेल, तो खरोखर दुष्ट होता की धाकाने वा खोट्या आश्वासनांनी इतक्या दूर आणला गेला होता, असा विचार करतो. ह्या एका प्रसंगात नकाशाच्या कोऱ्या भागावर माणसाची सावली पडते. परंतु तो प्रसंग एकटाच राहतो. अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विन हिने अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८) मध्ये द्वीपसमूहाचे विश्व रचताना नायक सावळ्या वर्णाचा योजून ह्या परंपरेला दिलेले वळण म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मूल्यमापन : मिडल-अर्थविषयी समीक्षकांत प्रारंभापासून तीव्र मतभेद आहेत. डब्ल्यू. एच. ऑडन ह्या कवीने कादंबरीचा मनःपूर्वक पुरस्कार केला, तर अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन ह्याने १९५६ मध्ये ती बालिश ठरविली. टॉम शिपी ह्याच्या द रोड टू मिडल-अर्थ (१९८२) ह्या ग्रंथाने ह्या विश्वाचे भाषाशास्त्रीय मूळ सप्रमाण दाखविले आणि चर्चेला अधिक भक्कम पाया दिला.

टॉल्कीननंतरच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत आरंभी नकाशा व शेवटी कालपट देण्याचा प्रघात पडला. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी नकाशा हा केवळ कथानकाच्या सोयीचा आराखडा असतो. नावे कानाला विचित्र लागतात, पण त्यांना पूर्वज नसतात. तपशील वाढविल्याने प्राचीनता निर्माण होत नाही, हे अशा अनुकरणांवरून स्पष्ट होते. टॉल्कीनच्या भूमीवर चालणाऱ्याला पदोपदी कोणीतरी पूर्वी येथे राहून गेल्याची खूण सापडते आणि त्या माणसांना परत आणता येत नाही, ही खंतही तिच्याबरोबर येते. विजयानंतरही ही खंत संपत नाही. मुद्रिका नष्ट झाल्यावर एल्फांनी जपलेले सौंदर्यही ओसरते, त्यांची जहाजे पश्चिमेस निघून जातात आणि मागे मानवांचे, म्हणजेच वाचकाचे, युग सुरू होते. काल्पनिक भूगोल व इतिहास ह्यांना साहित्यमूल्य कशाने लाभते, ह्या प्रश्नाचे उत्तर मिडल-अर्थच्या ह्या अखेरच्या ओसाडीत सापडते : जे जग गमावल्याचे दुःख वाचकाला होते, ते त्याच्यापुरते खरोखर अस्तित्वात होते.